माईक धरणारे चाचा

आमच्या कॉलेजात चर्चासत्र असलं की माईक लावायला उस्मानपुऱ्याचे चाचा येतात. आवाज तपासायला मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसतात. “हिथं पोचला तरच पोचला,” म्हणतात.

परवाचा विषय होता दुष्काळ. पाहुण्या प्राध्यापकांनी माईक बाजूला सारला. “माझा आवाज खणखणीत आहे!” वर टाळ्याही पडल्या! मागे गंगापूरची एक विद्यार्थिनी कानाला यंत्र लावून बसली होती. बोलणं तिच्याच तालुक्यातल्या विहिरींवर होतं आणि तिला एकही शब्द कळत नव्हता. ‘सभागृह सर्वांचं’ अशी पत्रकं वाटणारा मी मात्र गप्प बसलो.

चाचा सरळ मंचावर गेले. “साहेब, आवाज तुमचा लई मोठा. पण त्या पोरीपर्यंत येत नाय.” त्यांनी माईक पाहुण्यांच्या तोंडासमोर धरला. पाहुणे सरकले की चाचाही सरकायचे. आयोजक खुणावत होते, “चाचा, खाली या!” चाचा पाऊण तास तसेच उभे राहिले.

भाषण संपल्यावर त्यांनी माईक तिच्या हातात दिला. “बोल बेटा.”

ती उठली. “सर, आमच्या विहिरींचं पाणी तुम्ही पावसाळ्यात मोजलंत. उन्हाळ्यात कधी येता?”