मावल्याच्या सागजड्या

गळ्यात रानफुलांची माळ मिरवणाऱ्या, बीजाच्या अंधारात अख्खे अरण्य जोजवणाऱ्या श्रीहरी, आधी तुला दंडवत! तुझ्या त्या माळेचेच नाव लाभलेल्या एका लेकीची कथा सांगतो. शब्द तूच पुरव.

वनमाला मावला गावच्या रोपवाटिकेची प्रमुख. तिथे सागजड्या तयार होतात. पाने छाटलेले, बोटभर खोडाचे अन् वीतभर मुळाचे सागाचे बाळ म्हणजे जडी. बाजारहत्नूरच्या माळावरचे लागवडीचे खड्डे तयार नव्हते, म्हणून तिने एकेक जडी पारखली, पेट्यांत कोरड्या वाळूत निजवली आणि शीतगृहात धाडली.

लागवडीच्या सकाळी पेट्या परत आल्या. वनमालेने एका जडीची साल नखाने खरवडली. आत दुधी ओलावा हवा, तिथे तपकिरी डाग! नाकाशी नेली, तर आंबूस वास.

"भिवाजीदादा, वाळू ओली काऊन?"

म्हातारा माळी गडबडला. "ताई, इथलं ऊन तुमाले ठाऊक. शीतगृहाची गाडी निघताना म्या झारीनं पाणी शिंपडलं. पाणी पाजल्याबिगर कोनाले वाटेला लावतेत का?"

"गारव्यात तहान लागत नाही, दादा. ओल कोंडते अन् मूळ सडते."

भिवाजीने ती जडी उचलून स्वतःच्या नाकाशी नेली.

दुपारी माळावर पाहुण्यांसमोर लागवडीचा सोहळा होता; वरिष्ठ अधिकारी शरदचंद्र त्याच्या मंडपाच्या घाईत होते. "मॅडम, वरून तर साऱ्या सारख्याच दिसून राह्यल्या. लावून टाका. मेल्या तर पुढच्या वर्षी बदलू. अन् या म्हाताऱ्याला उद्यापासून घरी बसवा."

वनमालेने पेटी माळावर निघालेल्या ट्रॅक्टरच्या तोंडाशी ओढली आणि तिथेच मांडी ठोकली.

"पारखल्याशिवाय एक जडी हलणार नाही. मेलेल्याला मूठमाती देतात, साहेब. त्यापुढं टाळ्या वाजवत नाहीत. अन् वाळू कोरडीच ठेवा, हे दादांना मी सांगितलं नव्हतं. घरी बसवायचं तर आधी मला."

"पाहुण्यांना काय रिकामे खड्डे दाखवू?"

"दाखवा की! खड्ड्याला कशाची लाज?"

नख चालले, नाक चालले. भिवाजीही शेजारी बसून खरवडू लागला. मेलेल्या बाजूला पडल्या, जिवंत पोत्यात गेल्या, संशयाच्या जड्या उबदार वाळूत पुरल्या. पांढरे मूळ फुटले तरच त्या माळावर जाणार.

दुपारी अर्धेअधिक खड्डे उघडेच होते. पाहुण्यांनी विचारले. शरदचंद्रांची मान खाली, वनमालेची ताठ. "हे खड्डे जिवंत झाडाची वाट पाहून राह्यलेत, साहेब. वाट पाहण्यात कमीपणा नाही."

शरदचंद्रांचा राग अजून उतरलेला नाही. पण वाळूतल्या कित्येक जड्यांनी पांढरी मुळे सोडली. ती बाळे भिवाजीने स्वतः माळावर नेली, खड्ड्यात उभी केली आणि झारी हातात धरून थबकला.

"ताई, आता पाजू का?"

"आता पोटभर पाजा, दादा."

हे हरी, असत्यापुढे मांडी ठोकून बसणाऱ्या या लेकीचे पाऊल कधी डळमळू देऊ नकोस. तिची लेकरे आलोक अन् स्वरा, तिच्या उंबऱ्यावर पाणी मागणारा प्रत्येक जीव तृप्त असो. त्या माळावरच्या सागाची सावली तिच्या नातवंडांच्या माथ्यावर पडो!