आत्याच्या मुलाचं रक्त

माझ्या डाव्या हातावर उठलेल्या त्या लालभडक, खाजऱ्या गांधींची मला अजून शिसारी येते. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून कोपराखाली कातडीत टोचल्या होत्या. खाज अशी, की कातडं सोलून काढावंसं वाटे. आत्या, म्हणजे माझी सासूच, जबलपूरच्या चेरीताल भागातल्या आमच्या घरी येईल त्या बाईला माझा हात धरून दाखवायची. "पाहा, माझ्या लेकाचं रक्त कसं उसळून राहिलं!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जबलपुरात मराठी सून मिळणं कठीण, म्हणून आमच्याकडे मामाची मुलगी नागपूरहून आणायचे. तशीच मी आले. दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, "बच्चे को पालनेवाला प्लेसेंटा आधा बाप का होता है. माँ का शरीर उसे पहचानकर सँभालता है. आप दोनों तो भाई-बहन जैसे, बाप का हिस्सा अलग से पहचानेगा कैसे?" म्हणून ही ओळख करून देणारी सुई. 'भाई-बहन' ऐकून माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. रक्त दिलं म्हणून घरी नवऱ्याला खोव्याची जिलबी मिळाली.

तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा पुन्हा टोचायचं ठरलं. मी नाही म्हटलं.

"काहून?" आत्यानं विचारलं.

"किळस येते."

"नवऱ्याच्या रक्ताची?"

नवरा पेपरात डोकं घालून बसला. नवव्या आठवड्यात रक्त गेलं. न्हाणीघराच्या दारातून आत्या म्हणाली, "सुई घेतली असती तर राहिलं असतं. तुझं अंगच लेकरू फेकून राहिलं." हे अंग तुमच्याच भावानं दिलंय, असं म्हणायला हवं होतं. पण बोलले नाही, कारण मला तिचं पटलं होतं.

बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की त्या सुयांचा उपयोग कधी सिद्धच झाला नाही. सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या प्रतिकारपेशी गर्भाशयात गोळा होतात, त्या वारेला, म्हणजे त्या प्लेसेंटाला, हुसकायला नाही. तिला रक्त पोचावं म्हणून वाट मोकळी करायला मदत करतात. नवरा नात्यातला आहे म्हणून अंग लेकरू फेकतं, असं काही नसतं.

नवरा सुटल्यासारखा हसला. मला मात्र स्वतःचीच घाण वाटली. लेकरू फेकणारं पोट म्हणून इतकी वर्षं आंघोळ करताना मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.