हनुवटीतला शिंगाळ्याचा काटा

माझ्या हनुवटीवर फोड आला तेव्हा अख्ख्या दांडी गावाला एका दिवसात कारण सापडलं. शिंगाळ्याचा काटा! हा मासा टोपलीत पडल्यावरही काटा मारतो, हे आम्हा कोळ्यांच्या पोराटोरांनाही ठाऊक. पण तो हनुवटीला लागेल कसा, हे एकानेही विचारलं नाही. मी काय शिंगाळ्याचा मुका घ्यायला वाकले होते?

"आत मोडून रायलाय. पिकला का आपोआप भायेर येल," असं म्हणून आत्या हळदीचा गरम लेप थापून गेली. काटा काही आला नाही. फोड फुटायचा, पू यायचा, खपली धरायची, की परत फुटायचा. वर्ष असंच गेलं.

तेव्हा मी तारापूरच्या कॉलनीत दारोदार मासे विकायची. घर डोक्यावरच्या त्या माशांच्या पाटीवरच चालायचं. बायका आधी माझी हनुवटी बघायच्या, मग पापलेट. "आज नको गं," म्हणायच्या आणि माझ्यामागून येणाऱ्या चुलतीकडून घ्यायच्या. तेच मासे, एकाच होडीतले! एक बाई तर जाळीचं दारसुद्धा उघडायची नाही, आतूनच हात हलवायची. शिकलेल्या म्हणे!

मग पालघरचा कातडीचा डॉक्टर. त्या शहाण्याने मला तोंड उघडायलासुद्धा सांगितलं नाही. फोड कापला, टाके घातले, वर "स्वच्छता ठेवत जा" म्हणाला. फोड टाक्यांच्या शेजारीच परत उगवला. तर म्हणे, पुन्हा कापू. त्याच्या बापाचं काय जात होतं!

दाढ ठणकायला लागली म्हणून बोईसरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी हनुवटी बघितली, दाढेचं बाजूला ठेवलं आणि खालचे पुढचे दात ठोकून बघितले. एका दाताला बर्फ लावला तरी मला गार लागेना. मग फोडाच्या भोकातून बारीक गुलाबी रबरी काडी आत सरकवून त्यांनी एक्सरे काढला. काडी थेट त्या दाताच्या मुळाशी!

"या दाताने काय तोडता हो?"

नायलॉनचा दोरा. जाळं सांधताना सुरी कोण शोधत बसतं? तो दात आतून कधीच मेला होता, आणि त्याचा पू हाड पोखरून हनुवटीतून बाहेर पडत होता. बाईंनी दात उघडला तेव्हा, मासळीत जन्म गेलेल्या मलाही तो वास सोसवेना. काही खेपांत मुळाची नळी साफ करून त्यांनी भरली. हनुवटी सुकली. आत्या अजून सांगते, लेप लागू पडला.

परत कॉलनीत गेले तर त्या जाळीवालीने चक्क दार उघडलं. "अगं, होतीस कुठे?" म्हणत खाली बसली. पापलेटाचे कल्ले उघडले, पोट दाबलं, वास घेतला. "ताजं आहे ना?"

मी हनुवटी तिच्यापुढे धरली. "आधी हे दाबून बघा, बाई. मग ते."

ती लालबुंद झाली, पण हातातलं पापलेट सोडेना. ते मीच तिच्या हातातून काढून घेतलं, पाटीत ठेवलं आणि शेजारचं दार वाजवलं.