दहा स्कोप आणि एक टेम्पो

जुना ऑसिलोस्कोप उघडला की आधी धूळ निघते, मग झुरळं पळतात आणि त्यांच्या मागून एखादा किस्सा निघतोच. धूळ मी ब्रशने उडवते. किस्सा कुठे उडवणार? साठले आहेत आता, ऐका!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डॉक्टर हृदयाचा ईसीजी काढतात ना, तसा सर्किटचा ईसीजी दाखवणारं मशीन म्हणजे ऑसिलोस्कोप. जुन्या मॉडेलमध्ये जुन्या टीव्हीसारखी काचेची नळी असते आणि पडद्यावर हिरवी रेघ पळते. मी दहावी नापास. गणितात नाही, इंग्रजीत! आणि या मशीनची सगळी मॅन्युअलं इंग्रजीत! डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक पान लावलं. आज पनवेलमध्ये यातलं माझ्यापेक्षा जास्त कळणारं कोणी असेल तर त्याने यावं, चहा पाजते.

तर इथल्या एका पॉलिटेक्निकने लॅबमधले दहा स्कोप भंगारात काढले. ऐकलं आणि तशीच उठून गेले. प्राचार्य म्हणाले, "आजी, जमाना डिजिटलचा आहे."

म्हटलं, "मी कॉलेजात गेले नाही. हीच मशीनं माझं कॉलेज. माझ्या डोळ्यांदेखत कॉलेज भंगारात जाणार नाही!"

शेवटी त्यांनी अट घातली. महिन्याने तपासणी समिती येणार. तिच्यासमोर दहाच्या दहा चालले तर राहतील. एक जरी बंद दिसला, तर सगळे त्याच दिवशी टेम्पोत!

*

मदतीला होते पेंडसेसर. रिटायर्ड प्रोफेसर, थिअरी तोंडपाठ. पहिल्याच दिवशी मला नियम सांगायला लागले, "शैलाताई, आत दोन हजार व्होल्ट असतात. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो, म्हणून काम एकाच हाताने करायचं. दुसरा हात खिशात!"

"सर, साडीला खिसा असतो का?"

सर गडबडले. मी माझी पद्धत दाखवली. डावा हात पदरात गुंडाळायचा आणि पदर कमरेला घट्ट खोचायचा. हात बाहेर काढू म्हटलं तरी निघत नाही! चाळीस वर्षं असंच रिपेअरिंग करतेय, अजून जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी खिशात हात घालून काम करणाऱ्या सरांचा फोन वाजला. सवयीने हात खिशातून बाहेर आला आणि थेट मशीनच्या लोखंडी सांगाड्यावर! नशीब, मशीन बंद होतं.

तिसऱ्या दिवशी सर पंचा घेऊन आले. "ताई, जरा घट्ट बांधा!"

*

चार नंबरच्या स्कोपमध्ये धूळ आणि तेल मिळून चिखल झाला होता. मी कव्हरं काढली, ट्रान्सफॉर्मर प्लॅस्टिकने झाकला आणि घरच्या बाथरूममध्ये नेऊन भांड्यांच्या साबणाने मशीन धुतलं. हो, पाण्याने! पेंडसेसर दारात उभे राहून "अहो ताई, अहो ताई" एवढंच म्हणत होते.

मग चार दिवस गच्चीवर कडक ऊन दाखवलं. दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "टेरेसवर वायरी असलेली संशयास्पद वस्तू. कृपया कोणीही वर जाऊ नये." पाठोपाठ सेक्रेटरी वॉचमनला घेऊन वर. मी स्कोप उलटायला गेले, तर दोघंही पाण्याच्या टाकीमागे लपलेले!

"मावशी, लांब व्हा! बॉम्ब असेल!"

"अहो, बॉम्ब कोणी लिंबाच्या साबणाने धुतं का? वास घेऊन बघा!"

वॉचमनने खरंच वास घेतला. "साहेब, भांड्यांचाच हाय!"

पाचव्या दिवशी तो स्कोप पहिल्या झटक्यात लागला.

*

सात नंबरने आठवडा खाल्ला. पेंडसेसर समजावत उभे असले की रेघ झक्कास. ते बसले की गायब! सरांनी चार पानं गणित केलं. मी गणिताकडे नाही, सरांच्या पोटाकडे बघत होते. शिकवताना ते टेबलावर रेलतात! टेबल वाकायचं, आतला एक सुटलेला सांधा टेकायचा आणि रेघ यायची.

मी स्वेटरची प्लॅस्टिकची सुई घेतली. "सर, उठा आणि काहीतरी शिकवत राहा."

सर रेलून बोलत राहिले आणि मी आतला एकेक सांधा सुईने टोकत गेले. पंचविसाव्या मिनिटाला सापडला. सोल्डरचा डाग दिला, रेघ पक्की!

सर म्हणाले, "ताई, एवढा वेळ माझं लेक्चर कोणी थांबवलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं."

*

भंगार उचलणार होते कळंबोलीचे इक्बालभाई. माल बघायला आले आणि नऊ नंबरजवळ थबकले. त्याचा फिरता स्विच तुटलेला. असा स्विच आता कुठेच मिळत नाही.

"आपा, हाच मॉडेल माझ्या गोडाऊनमध्ये पडलाय. नळी फुटलेली, एकदम मुर्दा. पण बाकी अवयव चांगलेत. आणू?"

दुसऱ्या दिवशी तो मुर्दा लॅबमध्ये हजर! मी स्विच काढून बसवला, नऊ नंबर जागा झाला. इक्बालभाई डोक्याला हात लावून बसले.

"या अल्लाह! दहा न्यायला आलो आणि अकरावा देऊन बसलो!"

*

लॅबमध्ये एक नवीन लेक्चरर होता. त्याच्याकडे नवाकोरा डिजिटल स्कोप. एकदा त्याने आणि मी एकच सिग्नल दोन्हीकडे लावला. त्याच्याकडे संथ, देखणी लाट. माझ्याकडे पडदाभर नुसता हिरवा पट्टा.

"बघा आजी, तुमचा बिघडलाय!"

"तुझ्या स्कोपचं वेगाचं बटण एक घर फिरव."

फिरवलं. लाट बदलली. अजून एक घर. तिसरीच लाट!

"खरी लाट नुसती ताणेल नाहीतर आवळेल, दर घराला निराळी होईल का रे? सिग्नल पळतोय घोड्यासारखा आणि तुझा स्कोप अधूनमधून डोळे उघडून बघतोय. मधलं सगळं त्याने मनाने काढलंय! माझ्याला वेग झेपत नव्हता, तर त्याने सरळ पट्टा दाखवला. थापा नाही मारल्या."

पोराने खाली बसून मॅन्युअल उघडलं. तेव्हापासून मला आजी म्हणत नाही, मॅडम म्हणतो.

*

तपासणीचा दिवस. सकाळी आठला मी आणि सरांनी दहाच्या दहा लावून बघितले. दहा हिरव्या रेघा, मधोमध! मशीनं तापू देत म्हणून चालूच ठेवली आणि आम्ही खाली चहाला गेलो. इक्बालभाईंचा टेम्पो गेटपाशी उभा होता, प्राचार्यांनीच बोलावलेला.

समितीबरोबर वर आलो. लॅब चकाचक आणि दहाही पडदे काळे!

मशीन चालू असल्याचे लाल दिवे लागलेले, पण रेघ एकावरही नाही. व्होल्टेज वाढून सगळे एकदम जळले की काय? सर रुमालाने मान पुसत राहिले. प्राचार्य खिडकीतून टेम्पोकडे बघायला लागले. समितीच्या अध्यक्षांनी फॉर्मवर पेन टेकवलं.

एवढ्यात मंजुळा बादली घेऊन आत आली. नेरे गावाकडची, लॅबची साफसफाई करते. महिनाभर केर काढता काढता माझ्या खांद्यावरून बघायची.

"मावशी, झाली का सुकून काच?"

"काच?"

"साहेब येनार म्हनून पुसल्या ना समद्या! रेघेवर फडका कसा मारू? पुसली गेली तं? म्हनून तुमी फिरवता ना, त्या बटनानी रेघा खाली सारून ठेवल्या. घेऊ का वर?"

मी मान हलवली.

तिने हात पदराला पुसले आणि एक नंबरचं बटण फिरवलं. रेघ वर! दुसरी! तिसरी! दहावी आली तेव्हा माल उचलायला वर आलेले इक्बालभाई दारातून ओरडले, "चला, टेम्पो रिकामा!"

अध्यक्षांनी चष्मा सावरला, मान तिरकी केली. "सहा नंबरची रेघ जरा कलती वाटते."

मंजुळाने बादली उचलली.

"रेघ बराबर हाय, सायेब. टेबल कलता हाय."