‘हातघाई’ला दहापैकी पाच

शलाका वैशंपायन व्हिडिओ गेम खेळते आणि त्यांची परीक्षणं लिहिते, हे तिच्या वडिलांना नातेवाइकांना कधी नीट समजावता आलं नाही. रत्नाकर वैशंपायन सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले इंजिनियर. बंगळुरातल्या के. आर. पुरमच्या घरी कुणी चौकशी केली की "ती कॉम्प्युटरमध्येच आहे," एवढं म्हणून ते विषय बदलत. पण शलाकाला वाचणारे होते. एका वेबसाइटवर ती नऊ वर्षं लिहीत होती. ती किती गुण देते याची वाट बघणारे खेळाडू देशभर होते.

मार्चमध्ये ‘हातघाई’ बाजारात आला. रम्याचा गेम.

रम्या घोरपडे कॉलेजातली तिची मैत्रीण. तिचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलं असं घरचे सांगत, आणि तिच्या मराठीत निम्मं कन्नड असे. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट दोघींनी मिळून केला होता: दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर धरायचा, टीव्हीसमोर उभं राहायचं, आणि तुम्ही ठोसा माराल तसा पडद्यावरचा मल्ल ठोसा मारेल. ‘हातघाई’ हे नाव शलाकानेच सुचवलं होतं. कॉलेज संपल्यावर रम्या म्हणाली, "आपण हाच पुरा करूया." शलाकाने नोकरी घेतली. रम्याने बसवनगुडीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि ती त्या गेमला चिकटून राहिली. दोन वर्षांपूर्वी तिने नावाबद्दल फोन करून रीतसर विचारलं, तेव्हा शलाका हसून म्हणाली होती, "घे ना, मला काय करायचंय त्याचं!"

आता परदेशातली परीक्षणं येऊ लागली. नऊ. साडेआठ. पुन्हा नऊ. ‘असा घाम काढणारा आणि तरी डोकं वापरायला लावणारा गेम वर्षानुवर्षं झाला नाही,’ असं एकाने लिहिलं. शलाका प्रत्येक परीक्षण दोनदा वाची. पहिल्यांदा गुण बघायला, दुसऱ्यांदा कुठे नाक मुरडलंय का ते शोधायला. कुणी मुरडलं नव्हतं. कन्नड पेपरात रम्याचा फोटो आला. तो रत्नाकररावांनीच फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आपल्या शलाकाची मैत्रीण. अभिमान वाटतो.’

शलाका नऊ वर्षं लिहीत होती. तिचं एकही परीक्षण त्यांनी ग्रुपवर टाकलं नव्हतं.

परीक्षणासाठी गेम घरी आला तेव्हा ती तीन दिवस त्यात दोष शोधत होती. दोष सापडेना. ठोसा कमरेतून वळून मारला तर जोरात लागे, नुसता मनगटाने मारला तर हलका. हे इतकं नेमकं जमलं होतं की खेळताना ती स्वतःवरच चिडे, कारण तिला मजा येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकरराव म्हणाले, "बघू मला जमतंय का." बनियनवरच ते उभे राहिले. सत्तरीचा माणूस, पण पाच मिनिटांत पोरासारखा उड्या मारायला लागला.

"अगं, भन्नाट आहे हे! रम्याने हे एकटीने केलं?"

"तिच्याकडे माणसं आहेत, बाबा."

थोड्या वेळाने ते थांबले. कपाळाला आठ्या पडल्या. "शलाका, इकडे बघ. मी हात तोंडासमोर धरलाय, आणि माझा हा गडी हात छातीशी धरून मार खातोय."

शलाका झटकन पुढे आली. खरंच होतं. न थांबता दहाबारा मिनिटं खेळलं की सेन्सरची मोजणी थोडी थोडी घसरत जाई आणि पडद्यावरचे हात वीतभर खाली राहत. कॉलेजात हाच घोळ झाला होता, आणि तो तिनेच सोडवला होता. परदेशातल्या परीक्षकांनी बहुधा तीनतीन मिनिटांच्या लढती खेळून मध्ये विश्रांती घेतली असावी. त्यांना हे दिसलंच नव्हतं.

तिला इतका आनंद झाला की वडिलांकडे बघवेना.

त्या दुपारी तिने परीक्षण लिहिलं आणि दहापैकी पाच गुण दिले. दोष तिने अगदी काटेकोरपणे, मिनिटं मोजून मांडला. तिथे थांबली असती तर ठीक होतं. पण शेवटी तिने एक वाक्य घातलं: ‘हा गेम करणाऱ्यांना लढाई कळलेली नाही, नुसते हातवारे कळले आहेत.’ ते खोटं आहे हे तिला लिहितानाच माहीत होतं. तरी ते तिला फार आवडलं. संपादक हर्ष दर परीक्षणाबरोबर एक फॉर्म भरून घेई. त्यात ‘निर्मात्यांशी ओळख?’ असा रकाना होता. तिने ‘नाही’ लिहिलं.

दोषाबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ते वाक्य मात्र सगळीकडे फिरलं. लोक रम्याच्या फोटोवर ते चिकटवून पाठवू लागले. इतर परीक्षकांनी गेम पुन्हा तपासला, त्यांनाही घसरणारे हात दिसले. दोघांनी आपले गुण उतरवले. शलाकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. दोन दिवस ती हवेत होती.

चौथ्या दिवशी रम्याचा फोन आला. "शलाका, स्वल्प वेळ काढून येतीस काय?"

बसवनगुडीतल्या त्या खोल्यांत पाच माणसं खाली मान घालून काम करत होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही. रम्याने तिला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

"सेन्सरचं तू लिवलीस ते बरोबर आहे. चूक आमची. दुरुस्ती चाललीय." ती शांतपणे बोलत होती. "पण लढाई कळली नाही म्हणालीस. ते तुला खरंच तसं वाटलं काय? तेवढंच सांग मला. वाटलं असलं तर मी ऐकते."

शलाकाने उत्तर जुळवून आणलं होतं: परीक्षकाचं मत, वाचकांशी बांधिलकी वगैरे. ते तिने सोडून दिलं.

"नाही वाटलं," ती म्हणाली. "मला मजा आली खेळताना. बाबांनाही आली. मला तुझं बघवलं नाही, रम्या. मी सोडून दिलं ते तू पुरं केलंस, हे बघवलं नाही."

"हे करायला मी तुला बोलावलेली," रम्या म्हणाली. "चारदा."

"हो."

"सरी, ठीक आहे," रम्या म्हणाली आणि उठली. तिला काम होतं.

दुसऱ्या दिवशी शलाकाने हर्षला सगळं सांगितलं, फॉर्मसकट. तो फार ओरडला नाही. परीक्षणाच्या डोक्यावर खुलासा आला: लेखिका आणि निर्माती एकत्र शिकल्या आहेत, लेखिकेने हे लपवलं होतं, आणि शेवटचं वाक्य मागे घेतलं आहे. मग लोकांनी दोन आठवडे शलाकाला झोडलं. त्यातलं बरंचसं तिने वाचलं. दोषाची मांडणी मात्र हर्षने तशीच ठेवली, कारण ती खरी होती. दुरुस्त झालेल्या गेमचं परीक्षण त्याने वेबसाइटच्या दुसऱ्या परीक्षकाला, प्रणीतला, दिलं. प्रणीतने साडेआठ दिले. त्याचा लेख साधा, सरळ आणि तिच्या लेखापेक्षा चांगला होता. तो वाचताना ती पुन्हा कुठे नाक मुरडता येईल ते शोधू लागली. या वेळी तिने ते ओळखलं, आणि काही न लिहिता पान बंद केलं.

शलाका अजून परीक्षणं लिहिते. फॉर्ममध्ये साध्या तोंडओळखीचीही नोंद करते. हर्ष त्यावरून तिची चेष्टा करतो. रम्याचा आणि तिचा अबोला नाही. गौरी-गणपतीला एकमेकींना शुभेच्छांचा निरोप जातो. त्यापलीकडे काही नाही. रत्नाकररावांनी खुलासा वाचला होता. त्या दिवशी जेवताना ते एवढंच म्हणाले, "हे तू स्वतःहून लिहायला लावलंस ना?" तिने मान हलवली. त्यांनी तिच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि आपलं जेवण पुढे सुरू केलं.