वेबसाइटवरचा उसना मोर

मला एक वाईट खोड आहे. धड चाललेली गोष्ट मला धड चालू देववत नाही. घरातला पंखा कुरकुरतो म्हणून मी खोलला, तेव्हापासून तो कुरकुरत नाही आणि फिरतही नाही. विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर 'जरा बघतो' म्हणून उघडला आणि आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पुढं कितीतरी दिवस शेजाऱ्याच्या पाण्यावर गवार भिजवली. तरीही रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरच्या कॉम्प्युटरवर बसतो, एवढ्या भांडवलावर भावकीत मी 'कॉम्प्युटरवाला' म्हणून ओळखला जातो. ही ओळख मी कधी खोडून काढली नाही. घोळ तिथंच झाला.

माझी मोठी बहीण त्याच औद्योगिक वसाहतीतल्या दुसऱ्या कंपनीत असेंब्ली लाइनवर होती. संध्याकाळी घरी आली की लाकडी फ्रेमवर कापड ताणायची आणि आरी वर्क करत बसायची. आरी वर्क म्हणजे हुकासारख्या सुईनं ब्लाउजवर मणी, जर, टिकल्या गुंफायचं काम. एक दिवस तिनं कंपनी सोडली आणि शिक्रापूरला हायवेपासून जरा आत एक गाळा भाड्यानं घेतला. आबांनी अडवलं नाही, अट घातली. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ती गेली, पण आबांच्या बोलण्यात हाकायची ढब राहिली.

"ही लगीनसराई तुझी," ते ताईला म्हणाले. "नवरीच्या ब्लाउजचं एक तरी काम धरून दाखव. न्हाईतर ठेकेदाराला मी बोललोय, तुझी जागा त्यानं ठेवलीय. गुमान परत लाइनीवर जायचं."

गाळ्यावर बायका यायच्या, पण फॉल-पिकोला. नवरी कुणी फिरकेना.

"ताई, तुला वेबसाइट पाहिजे," मी म्हणालो.

"मला गिऱ्हाईक पाहिजे."

"तेच ते."

वेबसाइट उभी राहिली. ताई आपल्या कामाचे फोटो मोबाइलवरून सोशल मीडियावरच्या आपल्या पेजवर टाकायचीच. तेच फोटो आपोआप वेबसाइटवर यावेत, दोनदा टाकायला लागू नयेत, यासाठी प्लगिन लागतं. ट्रॅक्टरला मागं नांगर जोडा, पेरणी यंत्र जोडा, तसं वेबसाइटला जोडायचं हे अवजार. फुकटची पुष्कळ मिळतात. बैल घ्यायला गेलेला माणूस दात बघतो, खुरं बघतो, चार पावलं चालवून बघतो. मी नुसत्या वापरणाऱ्यांनी दिलेल्या चांदण्या बघितल्या. ज्याला जास्त चांदण्या, तो आणला.

पहिल्यानं सगळे ब्लाउज टपाल तिकिटाएवढे केले. दुसऱ्यानं मोठे केले, पण गळ्यावर कापले; गळ्याचं काम दाखवायचं आणि गळाच नाही. तिसरा देखणा होता, फक्त दर दोन फोटोंमध्ये कर्जाची जाहिरात दाखवायचा. माझं मन कुठंच लागेना. कंपनीच्या बसमध्ये एक बसवायचो, कँटीनमध्ये काढायचो, चहाच्या सुट्टीत दुसरा बसवायचो. जेवताना मोबाइल, अंघोळीला जाताना मोबाइल.

"वेबसाइट करतोयस का बिऱ्हाड?" ताई म्हणाली. "रोज नव्या जागी चूल."

शेवटी एक नीट चाललं. फोटो सरळ, गळ्यासकट, जाहिरात नाही. इथं शहाणा माणूस थांबला असता. पण ताईच्या पेजवर फोटोच मोजके होते. एक हिरवी बाही, दोन-तीन पाठी, आणि एक ब्लाउज ज्याच्या कोपऱ्यात माझी चप्पल आली होती. त्याखाली पांढरी मोकळी जागा. ती जागा मला झोपू देईना.

आमच्याकडं लग्न झालं की जेवण कसं होतं हे मागाहून विचारतात; आधी विचारतात, मांडव भरला होता का? मागच्या खुर्च्या रिकाम्या दिसल्या की मुलीचा बाप कावराबावरा होतो. सभेलासुद्धा टेम्पो भरून माणसं आणतातच की. त्या प्लगिनमध्ये एक चौकोन होता. त्यात खूण केली आणि एखादा हॅशटॅग लिहिला, की तो शब्द लावून जगात कुणीही टाकलेले फोटो आपल्या वेबसाइटवर येऊन बसत. मी 'नवरी आरी वर्क' लिहिलं आणि बटण दाबलं. मांडव भरला! कुठल्या कुठल्या गावचे ब्लाउज येऊन बसले. नको तो फोटो काढून टाकायची सोयही होती, पण तिच्यावर कुलूप होतं, किल्लीला पैसे. म्हटलं, आलेल्या पाहुण्याला उठवायचं तरी कशाला? वरचा मथळा मात्र मी बदलला नाही. 'आमची कलाकुसर.'

ताईला म्हणालो, "एकदा बघ तरी." ती म्हणाली, "हात मोकळे झाले की बघते." तिचे हात कधी मोकळे होतात?

त्या रविवारी मी गाळ्यावरच होतो. दारात गाडी थांबली. दौंडच्या एक काकू उतरल्या, मागून त्यांची लग्न ठरलेली मुलगी. शिक्रापुरात खोली घेऊन राहणाऱ्या भाचीनं त्यांना वेबसाइट पाठवली होती म्हणे. काकूंनी बसायच्या आधीच मोबाइल पुढं केला. पाठभर मोर. पिसारा कमरेपर्यंत, पिसापिसात डोळा, डोळ्याडोळ्यात खडा.

"ह्योच मोर पायजे. जसाच्या तसा. पुढच्या महिन्यात हळद हाय."

ताईनं मोबाइल हातात घेतला. मोराकडं बघितलं. मग माझ्याकडं. "काकू, हा मोर..." एवढं तिच्या तोंडातून निघतंय तोवर मी मधेच बोललो, "होऊन जाईल की काकू! मोर म्हणजे ताईच्या डाव्या हातचा मळ!"

काकूंनी लगेच विसाराची नोट मशिनवर ठेवली, शालूतलं कापड दिलं. मुलगी मात्र दारामागं टांगलेली हिरवी बाही दोन बोटांनी चाचपत होती. गाडी गेली.

"कुणाचा हाय?" ताईनं विचारलं.

"कुणाचा म्हणजे, मोर हा राष्ट्रीय..."

"कुणाचा हाय, इचारलं."

मी सांगितलं. चौकोन, हॅशटॅग, कुलूप, सगळं.

"म्हंजी दुसऱ्याच्या पंगतीतलं ताट उचलून माझ्या मांडवात वाढलंस."

"मांडव रिकामा दिसत होता गं."

"रिकामा होता तर रिकामा दिसू दे की!"

"बघून बघून काढ ना. तुला काय अवघड आहे?"

"मला तसा मोर येत न्हाई. आन् आला असता तरी तो त्या बाईचा हाय." तिनं शालूच्या कापडाची घडी घातली. "उद्या रजा टाक. दौंडला जायचंय."

"फोन कर ना."

"फोनवर तू परत मधी बोलशील."

त्याच बैठकीत मी ते प्लगिन काढलं. घाईत ताईचेही फोटो गेले. मांडवच उठला.

सकाळी निघताना आबा ओट्यावर होते. "नवरीचं काम धरलं म्हंत्यात," ते म्हणाले. चेहरा कोरा, पण मिशी खूश होती. ताई "बघू" म्हणाली आणि आपल्या सगळ्या कामांची पिशवी घेऊन मोटरसायकलवर माझ्या मागं बसली. हे काम गेलं तर दुसरी नवरी नजरेच्या टप्प्यात नव्हती, आणि ठेकेदार जागा धरून बसला होता.

तळेगाव गेलं, न्हावरे गेलं. उसाच्या ट्रॉलीमागं मी मुद्दाम रेंगाळत होतो. पारगावचा भीमेवरचा पूल आला तेव्हा मी मनापासून पंक्चरची वाट बघत होतो. माझं टायर एरवी खिळा दिसला की धावत जातं. त्या दिवशी गुळगुळीत चाललं.

काकूंचं घर रेल्वे यार्डाला लागून. आमच्यापुढं पोहे आले, आणि 'मोरवाली आलीय' म्हणून शेजारच्या तीन-चार बायकाही आल्या. ताईनं पोह्यांना हात लावला नाही. मी लावला, घाबरलो की मला भूक लागते. ताई म्हणाली, "काकू, तो मोर..." आणि मालगाडी सुरू झाली.

"काय?" काकूंनी कानाला हात लावला.

"तो मोर माझा..."

डब्यामागून डबे. दौंडची मालगाडी एकदा निघाली की शेपटी दिसत नाही. ताईनं आवाज चढवला, मग आणखी चढवला. आणि शेवटचा डबा गेला नेमका तेव्हाच तिची आरोळी मोकळ्या आळीत घुमली, "तो मोर माझा न्हाई! माझ्या भावानं दुसऱ्याचा लावला!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता.

"मग तुमच्या वेबसाइटवर कशाला नाचत हुता?" काकू म्हणाल्या.

मी हॅशटॅग समजावून सांगायला लागलो. काकूंनी निम्म्यात तोडलं. "म्हंजी फोटू दुसऱ्याच्या पोरीचा दाखवायचा आन् बोहल्यावर आपली उभी करायची. असंच ना?"

याहून नेमकं मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

ताईनं शालूचं कापड पुढं ठेवलं, त्यावर विसाराची नोट. "माझं काम ह्या पिशवीत हाय," ती म्हणाली. "बघायचं असलं तर बघा. न्हाईतर आम्ही निघतो." काकूंनी नोट उचलली. तेवढ्यात इतका वेळ गप्प असलेली नवरी बोलली, "मला मोर नकोच होता."

"तू गप."

"नाही गप. पाठीवर एवढे खडे घेऊन खुर्चीला टेकू कशी? दिवसभर बसायचंय मला. ती हिरवी बाही होती ना दारामागं, वेलाची, तसं पाहिजे."

"आन् लोक काय म्हंतील? मावशीच्या पोरीला मोर हुता!"

"तिचं लग्न होतं, तिला मोर!"

दुसरी गाडी आली. आता मायलेकींचं भांडण नुसतं हातवाऱ्यांनी चालू झालं आणि आम्ही बहीणभाऊ कुस्तीच्या फडावर बसल्यासारखे बघत राहिलो. ताईनं मधल्या वेळात हिरवी बाही पिशवीतून काढून नवरीच्या मांडीवर ठेवली. गाडी गेली तेव्हा काकूंच्या हातात बाही होती आणि त्या ती उलटी करून आतले टाके बघत होत्या.

"येल चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पर एक तरी मोर पायजे. बहिणीला काय तोंड दाखवू?"

"बाहीवर काढते," ताई म्हणाली. "बोटभर. पण माझा असेल, त्या फोटोतला न्हाई." तिथंच एका कागदावर तिनं काढून दाखवला.

काकूंनी मान वाकडी केली. "कोंबडी दिसतीया."

"पिसारा झाला की न्हाई दिसणार."

"बघा बाई," म्हणत काकूंनी नोट पुन्हा कापडावर ठेवली. निघताना मला बजावलं, "तुम्ही ह्याच्यात बोट घालायचं न्हाई."

घरी आबांनी विचारलं, "काय झालं?" मी तोंड उघडलं. ताई म्हणाली, "तू गप," आणि तिनंच सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं.

"बोटभर मोराला बी नवरीचं काम म्हंत्यात व्हय?"

"नवरीच्या अंगावर हाय म्हणल्यावर नवरीचंच की."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग ठेकेदाराला फोन लावला. "पोरीची जागा देऊन टाका कुणाला तरी. व्हय, येत न्हाई ती. आवं, पिसारा काढायचाय तिला."

आता वेबसाइटवर ताईच्याच पेजचे फोटो येतात. प्लगिन तेच पुन्हा बसवलंय, फक्त चौकोनातली खूण पुसली आहे. ब्लाउज पुरा झाला त्या सकाळी तिनं बाहीचा फोटो पेजवर टाकला. फुकटचं प्लगिन ते आपल्या सवडीनं आणतं. मी कंपनीच्या बसमध्ये स्क्रीन खाली ओढत होतो, सोडत होतो. फोन आला.

"आला का?" ताई.

"न्हाई अजून."

"परत कायतरी खोललंस ना?"

"शपथ, न्हाई."

खरंच नव्हतं खोललं. पण 'काढून पुन्हा बसवा' हे बटण अंगठ्याखालीच होतं. मी मोबाइल पिशवीत डब्याखाली दाबला. कारेगाव यायच्या आत परत काढला. बाही आली होती. खाली तीच पांढरी मोकळी जागा.

शेजारच्या सीटवरचा लाइनवाला वाकून बघत होता. "कोंबडी हाय का?"

"मोर हाय," मी म्हणालो. "आमच्या ताईचा."