अक्कासाठी नव्या कमानी

आमच्या आबानं जीपच्या कमानी बदलल्या त्या अक्काच्या पोटातल्या बाळासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण मागाहून लोकांनी काय वाट्टेल ते जोडलं. कुणी म्हणालं धंदा वाढवायला बदलल्या, कुणी म्हणालं म्हाताऱ्याला जीपचं याडच होतं. खोटं आहे सगळं. आबा म्हणजे आमचा बाप, अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची होती आणि वाटेत तिला धक्का लागू नये, एवढ्यासाठी आबा त्या जीपखाली पाठीवर पडून होता.

आम्ही कोल्हापूरशेजारच्या उचगावचे. सत्तरचं दशक संपत आलं होतं. जीप मिलिटरीच्या लिलावातली, चार मालक फिरून आबाकडं आलेली. चारी चाकांना ओढ देणारी होती, त्यासाठी गिअरशेजारी वेगळी दांडी. पावसाळ्यात चिखलात बाकीच्या गाड्या रुतल्या की आबा ती दांडी ओढायचा आणि असा रुबाबात बाहेर निघायचा, जणू जीप त्यानंच जन्माला घातली होती. एरवी वडाप. स्टँडाबाहेर उभं राहून माणसं गोळा करायची, कोंबायची आणि निघायचं.

पण चाकांवरचे धक्के झेलणाऱ्या पोलादी पाट्यांच्या कमानी पार बसल्या होत्या. वाकदार असायला पाहिजेत ते पाटे फळीसारखे सरळ झालेले. एका बाजूचा पाटा मोडलेला, त्याला आबानं जुन्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. कमानी ज्या पिनांवर झुलतात त्या झिजून इतक्या ढिल्या झाल्या होत्या, की जीप गल्लीच्या तोंडाशी आली की तिची कुईकुई ऐकूनच आई चुलीवर तवा ठेवायची.

"ह्या खटाऱ्यात माझी लेक बसणार न्हाय," आई म्हणाली. "यष्टीनं आणूया."

"घरात गाडी असताना लेक यष्टीनं येणार व्हय? लोक तोंडात शेण घालतील की!"

"मग आधी ती गाडी माणसात आण."

झालं. आबा इरेला पेटला. कोल्हापुरात उद्यमनगरात कमानीचं काम करणारे एक चाचा होते, घरात बापआज्यापासून लोहारकाम. भट्टीपुढं उभं राहून त्यांच्या भुवया कायमच्या करपलेल्या. आबानं दारातच जीप ठोकळ्यांवर चढवली आणि गंजलेल्या नटांवर रॉकेल ओतत, पान्ह्यावर हातोडा हाणत, नटांच्या आयाबहिणींचा उद्धार करत कमानी खाली उतरवल्या. आम्हा कुणाला हात लावू दिला नाही. आईनं जेवायला हाक मारली तर जीपखालून नुसतं "हूं" यायचं.

चाचांनी पाटे तापवून, ठोकून परत वाक दिला. मोडका पाटा फेकून नवा घातला. मग विचारलं, "होते तेवढेच बसवू का वाढवू?"

"वाढवा की. दोन-दोन जादा घाला. परत कधी बसाय नकोत."

आमच्याकडं मजबूत म्हणजेच चांगलं. भिंत असो, बैलगाडीचं जू असो नाहीतर जावई. चाचांनीही हसत हसत जादा पाटे घातले. पिना नव्या, रबरी बुश नवे, शॉकअप नवे. जीप अशी उंच उभी राहिली की आईला आत चढायला पाट ठेवावा लागला.

आबा अडाणी नव्हता. त्यानं गाडी वापरून बघितली, चांगली आठवडाभर. रोज खच्चून माणसं भरून गगनबावड्याच्या बाजूला जाऊन यायचा. संध्याकाळी ओसरीवर बसून सांगायचा, "आज एकजण म्हणतोय, पावणं, ही गाडी हाय का पाळणा?" आईचा जीव तेव्हा कुठं भांड्यात पडला.

अक्काचं सासर गडहिंग्लजच्या पुढं, पार सीमेलगत. तिला सातवा संपत आला होता. आठव्यात हलवायचं नसतं, म्हणून घाई. तिच्या सोबतीला म्हणून मीही निघाले. जाताना आबानं स्टँडावरून नेहमीसारखं वडाप भरलं. मी दोन बायकांच्या मधे अशी चेपले गेले की हात हलवायची सोय नव्हती. मागून एकजण कावला, "अहो, माणसं हायत का पोती?"

आबाचं उत्तर ठरलेलं होतं. कुणी कुरकुर केली की रोज तेच सुनवायचा. "दाटून बसा पावणं. रिकामी जीप टणाटणा उडती, भरली की मऊ चालती. तुमच्याच बुडाच्या सोयीसाठी घेतोय की माणसं!"

सगळे हसले. मीही हसले. आणि खरंच, जीप इतकी मऊ चालली की निपाणी कधी मागं पडली मला कळलं नाही. मी शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून झोपले होते.

अक्काच्या सासूनं ओटी भरली, दुपारच्या आत निघालो. आबानं पुढच्या सीटवर वाकळ चौपदरी घालून अक्काला बसवलं. सासरची सगळी आळी बघायला उभी. अक्काचं तोंड असं फुललेलं, की लग्नातही मी तिला तशी बघितली नव्हती. फाट्यावर चार-पाचजण कोल्हापूरला जायला थांबले होते, शेंगांची पोती घेऊन. जीप बघून पुढं धावले.

"आज वडाप न्हाय," आबा ओरडला. "लेक हाय आत. आज गाडी तिची!"

काय तोऱ्यात म्हणाला! मलाही मागं एकटीला ऐसपैस बसून भारी वाटलं. माणसं आणि त्यांची पोती धुळीत मागं राहिली.

उसाचा हंगाम होता. बैलगाड्यांनी रस्त्याला चाकोऱ्या पाडलेल्या. आबा अगदी सावकाश हाकत होता, सायकलवाले पुढं जात होते. तरी प्रत्येक खड्ड्याला जीप टणकन् उडायची. मी मागं दोन्ही हातांनी लोखंडी कडी धरून बसले होते. अक्का एक हात पोटाखाली आणि एक समोरच्या दांडीवर धरून होती.

"आबा, हळू की!"

"आणि किती हळू? रस्ताच वंगाळ हाय, त्याला मी काय करू?"

जाताना हाच रस्ता होता. माझ्या टाळक्यात ते आलं नाही, मी तर झोपले होते. पण त्याच्या? आजही आठवलं की डोकं फिरतं.

एका मोरीवर मोठा दणका बसला. अक्कानं दांडीवरचा हातही पोटाशी नेला. थोड्या वेळानं म्हणाली, "आबा, पोटात कळ आली." आबानं गाडी थांबवली, पाणी दिलं. कळ गेली. पुढं निघालो. कागलच्या अलीकडं परत आली आणि मग राहिलीच नाही. वाकळ भिजली. आबानं रक्त बघितलं आणि मग त्यानं जी गाडी पळवली, ती रस्ता, खड्डा काही न बघता. अक्का ओरडत होती आणि मी मागून तिचे खांदे आवळून धरले होते. दुसरं करणार काय होते मी?

सरकारी दवाखान्यात अक्का वाचली. मुलगा होता. मेलेलाच झाला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधी कधी, कारण नेमकं सांगता येत नाही. भली बाई होती. पण कारण आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. आईला आणायला आबा आणि मी जीपनं उचगावला निघालो. शहरातला डांबरी रस्ता, एवढा काही वाईट नव्हता. तरी जीप उडत होती, माझे दात एकमेकांवर आपटत होते. आबानं गाडी कडेला घेतली. 

"रस्ता न्हाय गं," तो म्हणाला. "मी रिकामी आणली. एवढे पाटे घातले आणि रिकामी आणली."

मला आधी कळलंच नाही. जादा पाट्यांनी ताठ झालेल्या कमानी ओझं असेल तरच दबतात, हे कळलं तेव्हा माझ्या अंगाचा असा भडका उडाला, की बाप आहे, म्हातारा आहे, काही बघितलं नाही. "रोज तोंडानं वरडून सांगत हुतास की माणसांस्नी! ती चार माणसं आणि पोती घेतली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

"पोटुशी पोर," आबा म्हणाला. "तिला अंग चोरून बसाय लागू नये म्हणून न्हाय घेतली."

 मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसले.

आईनं त्याला बजावलं होतं, पोरीजवळ यातलं अवाक्षर काढायचं नाही. मीही तेच म्हटलं. पण आबाच्या पोटात ते राहिना. अक्का उठून बसायला लागली तशी एका दुपारी तो दवाखान्यात तिच्या खाटेजवळ गेला आणि सगळं सांगितलं. जादा पाटे, रिकामी गाडी, फाट्यावर सोडलेली माणसं. काही लपवलं नाही. "तुझं पोर मी घालवलं," म्हणाला.  मला वाटलं, आता ही किंचाळणार, त्याला शिव्या देणार. द्यायलाच हव्या होत्या.

 दूध दाटून अक्काची छाती भरून आली होती, आईनं कापडानं आवळून बांधली होती.

"मला लई बरं वाटलं हुतं आबा त्या दिवशी," ती म्हणाली. "सासरच्या सगळ्यांनी बघितलं. अख्खी गाडी एकट्या माझ्यासाठी आल्ती."

आबा खाटेच्या पायाशी फरशीवर बसला. पटक्याचं टोक तोंडात कोंबून रडला, कारण आजूबाजूच्या खाटांवर बायका आपापली बाळं कुशीत घेऊन निजल्या होत्या.